भंगाराकडची बाजू

चिंचपोकळीच्या आमच्या कारखान्यात क्रेनचे जाडजूड वायर रोप मापाने कापून देतात. कापायच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना बारीक तार घट्ट गुंडाळायची, मगच ग्राइंडर लावायचा. नाहीतर पीळ सुटतो आणि तुटलेली तार चाबकासारखी उडते. हे मी, रघू कदम, बावीस वर्षं नव्या माणसांना शिकवतोय. पोपटासारखा.

दोन वर्षांपूर्वी मी एकच बाजू बांधली. दुसऱ्या बाजूला हातभर तुकडा उरत होता, भंगारात जाणारा. भंगाराला कशाला नटवायचं, म्हणून आळस केला. तो तुकडा माझा मदतनीस राजरत्न धरून उभा होता. तार उडाली आणि त्याचा उजवा डोळा गेला.

त्याचा गॉगल कपाळावर होता. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. त्याला टॅक्सीत घालून नेलं, आणि मी मागे राहून तो तुकडा भंगाराच्या ढिगात खोल खुपसला. लाज वाटते सांगायला, पण आधी ते केलं, मग रडलो.

तेव्हापासून राजरत्न पॅकिंगला. काल तो शेठसमोर उभा राहिला. पुन्हा कटिंगवर घ्या म्हणाला.

"तुला गॉगल सांभाळता आला नाय, मशीन काय सांभाळणार?" हितेंद्रशेठ म्हणाले.

"बरोबर आहे शेठ, चूक माझीच. आता नाय होणार. रघूदादा आहे ना बाजूला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शेठ, भंगाराकडची बाजू मी बांधलीच नव्हती," मी बोलून गेलो. "बांधली असती तर तार उडालीच नसती. तुकडा मी लपवला."

मला वाटलं, राजरत्न आता कानाखाली काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं पोरीला सांगतोय, तुझा बाप बेफिकीर होता म्हणून डोळा गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "आज घरी चल. तूच सांग तिला."

सुट्टी झाल्यावर त्याच्या मागोमाग डिलाईल रोडच्या त्याच्या चाळीचा जिना चढलो. दार त्याच्या पोरीने, दीपिकाने उघडलं.

"रघूकाका! या ना," म्हणाली आणि ओढणीने माझ्यासाठी खुर्ची पुसली.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगायला लागलो.