पुडी कोण खातं ते मला ठाऊक होतं

मी गुढियारीतली जुनी फियाट बोलतेय. रंग दुधी होता, आता धुळीचा आहे. शामरावांनी मला आणलं तेव्हा पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, सगळी माणसं बघायला आली होती. खोटं कशाला सांगू, मीही चांगलाच भाव खाल्ला.

शामराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर. दर रविवारी सकाळी ते मला दहा मिनिटं चालू ठेवायचे. अशोक विजयादशमीला आम्ही नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचो. शेजारी त्यांची बायको सत्यभामाबाई, मागे मुलगा लोकेश, पुढच्या कप्प्यात मुर्रा-फुटाण्यांची पुडी. शामराव रस्त्यावरची नजर न हलवता डावा तळहात पुढे करायचे आणि बाई त्यावर मूठभर ठेवायच्या. एक शब्द बोलावा लागत नसे. मला त्यांचं हे फार आवडायचं.

चार वर्षांपूर्वी शामराव गेले. लोकेशने मला पत्र्याच्या शेडमध्ये लावलं ते लावलंच. बाई मात्र दर रविवारी यायच्या, आपल्या नेहमीच्या जागेवर बसायच्या आणि कप्प्यात नवी पुडी ठेवायच्या. पुढच्या रविवारी ती रिकामी असायची. बाई घटकाभर तिच्याकडे बघत बसायच्या आणि दुसरी ठेवून जायच्या. पुडी कोण खातं ते मला पक्कं ठाऊक होतं. पण तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं.

यंदा पावसाळा सरता सरता लोकेश म्हणाला, "आई, भंगारवाला येऊन राहिला परवा. गाडी सिलतऱ्याले जाईन, लोखंडाच्या भट्टीत."

"एकदा मिस्त्रीले दाखव," बाई म्हणाल्या. "नाहीच चालू झाली तं ने."

विकी मिस्त्रीने बॉनेट उचललं. आत उंदरांचं बिऱ्हाड: सीटचा काथ्या, कुरतडलेल्या वायरी, पुडीचे कागद, फुटाण्यांची सालं आणि मधोमध सहा गुलाबी पिल्लं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अम्मा, दवाई डाल देता हूँ," विकी म्हणाला.

"नाही. जीव हाये तो."

"पण इतके फुटाणे आले कुठून?" लोकेशने विचारलं.

"मीच ठेवत होती."

"काहून?"

बाईंनी पदराने माझी काच पुसली. "गेलेला माणूस खायले येत नाही, मले ठाऊक हाये. तुह्या बापानंच शिकवलं ते. पण पुडी रिकामी दिसे ना, तं बरं वाटे."

लोकेश आत जाऊन सूप घेऊन आला आणि पिल्लांसकट सगळं घरटं उचलून परसातल्या लाकडांमागे ठेवलं. मग त्याने भंगारवाल्याला फोन लावला. "भैया, रहने दो."

विकीने दोन दिवस खपून वायरी बदलल्या. तिसऱ्या खेपेला मी खोकले आणि चालू झाले. शेडभर धूर झाला, पण कोणी नाक दाबलं नाही.

माझं आता वय झालंय. भट्टी कधीतरी येणारच, तिची मला भीती नाही. तुमच्या दारात माझ्यासारखी कोणी उभी असेल तर रविवारची दहा मिनिटं तेवढी तिला द्या.

परवाच आम्ही नागपूरला गेलो. पुडी बाईंच्या मांडीवर होती. राजनांदगाव मागे पडलं आणि लोकेशने रस्त्यावरची नजर न हलवता डावा तळहात पुढे केला.

बाई त्या हाताकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मूठ भरली.