न पाठवलेली पत्रं

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मलासुद्धा. त्यामुळे कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला तेव्हा मी सरळ सासूबाईंनाच धरलं. दवाखान्यांचे अहवाल टाइप करायचं काम मी घरून करते. डॉक्टर बोलून ठेवतात, मी ते कानाला लावून ऐकते आणि टाइप करते. गेले काही महिने अक्षरं जरा थांबून, उपकार केल्यासारखी उमटत होती, आणि मशीन रिकामं असलं तरी आतला पंखा घरघरत राहायचा.

"आई, तुम्ही काहीतरी भलतंच बटण दाबलंत," मी म्हणाले.

"मी फक्त पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. "आणि शेवटी सेव्ह करते. तू शिकवलंस तसं."

सासूबाई पस्तीस वर्षं टपाल खात्यात होत्या. भिंतभर खणांच्या फडताळापुढे उभं राहायचं आणि आलेली पत्रं गावागणिक, गल्लीगणिक त्या खणांत टाकायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठायला लागला, म्हणून मीच त्यांना टाइप करायला शिकवलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि काम दोन बोटांचं. दुपारी जेवणं आटोपली की माझी खुर्ची त्यांची. त्या लेकीला पत्र लिहीत बसायच्या. पण ते पत्र पाठवायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

त्याचं कारण सांगते. त्यांची लेक म्हणजे माझी नणंद, आम्ही सगळे तिला धाकटी म्हणतो. पाच महिन्यांपूर्वी ती नवऱ्याच्या घरातून बाहेर पडली, ती हात गळ्यात बांधून. मनगट त्याने मोडलं होतं, आणि पहिल्यांदा नव्हे. ती गेल्यावर त्याने आम्हाला फोन करून शांतपणे सांगितलं, "कुठेही लपवा. मी शोधून काढीन. आणि या वेळी हातावर थांबणार नाही." तेव्हापासून ती बायकांच्या वसतिगृहात होती, तिथे फाटकावर पहारा होता. मग चष्म्याच्या काचा घासायच्या एका कारखान्यात तिला काम मिळालं आणि दोनच दिवसांपूर्वी तिने जवळच एक खोली घेतली. तो पत्ता तिने फोनवर सांगितला आणि तो चौघांनाच माहीत होता. ती स्वतः, मी, आमचे हे, आणि आई. ह्यांनी निक्षून बजावलं होतं, कागदावर लिहायचा नाही, टपालात टाकायचा नाही. "आई, पत्रं लिही, पण साठवून ठेव. सगळं निवळलं की एकदम दे तिला." आणि हे कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेले.

तर त्या सकाळी मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईला बोलावलं. अंबाड्यात कायम एक पेचकस खोचलेला असतो, म्हणून सगळी वस्ती तिला पेचकसच म्हणते आणि तिलाही त्याचं काही वाटत नाही. ती बसली, अंबाड्यातला पेचकस काढून टेबलावर ठेवला आणि सध्या आत काय काय चालू आहे त्याची यादी पडद्यावर आणली. मी आयुष्यात ती यादी पाहिली नव्हती. रोज आठ तास ज्याच्यापुढे बसते त्याच्या पोटात एवढी माणसं राबत असतात, हे मला माहीतच नव्हतं.

तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "ताई, तुमच्याकडे प्रिंटर आहे?"

"नाही बाई."

"मग प्रिंटरचा हा मदतनीस इथे काय करतोय?"

तिने आधी उठून भिंतीजवळची इंटरनेटची वायर काढली. पुन्हा बसली आणि म्हणाली, "हा हेर आहे. कीबोर्डवर तुम्ही जे जे दाबता ते लिहून ठेवतो आणि दर तासाला कुणालातरी पाठवतो. आपोआप आलेला नाही. कुणीतरी इथे बसून घातलाय." तिने तारीख दाखवली. सात महिन्यांपूर्वीची.

त्या दिवशी धाकटी आणि जावई आमच्याकडे आले होते. जावई म्हणाला होता, वहिनी, तुमचा कॉम्प्युटर जरा साफ करून देतो. घरचाच माणूस. मी पासवर्ड दिला, वर दोनदा चहा करून दिला, आणि गेल्यावर ह्यांना ऐकवलंसुद्धा, बघा, असा असतो कामाचा माणूस. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या आणि त्याचं कौतुकही केलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

"काय काय नेलंय ते बघायचंय?" पेचकसने विचारलं आणि हेराने लिहून ठेवलेली वही उघडली. वही मी म्हणते, पण ती संपेचना. ती खाली सरकवत राहिली आणि ओळी येत राहिल्या. माझे सात महिन्यांचे अहवाल, कुणाचं रक्त, कुणाचं हृदय. बँकेचा पासवर्ड. ह्यांच्याशी भांडताना मी पाठवलेले निरोप. आणि मधेमधे, रोज दुपारी एक ते दोन, सासूबाई.

त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. अक्षरांमध्ये लहान चौकोन दिसत होते. "हे चौकोन म्हणजे खोडलेलं," पेचकस म्हणाली. "लिहिलेलं तर जातंच, लिहून पुसलेलंही जातं."

मी वाचायला नको होतं, पण डोळे थांबेनात. 'परत ये', आणि मग सहा चौकोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'परत ये', पुन्हा चौकोन. 'तो मुलगा मी पसंत केला होता, तुझ्या वडिलांच्या मनात नव्हता', आणि मग ओळभर चौकोन. एका जागी 'वहिनी बडबडते फार', पुसलं. 'वहिनी मनाने चांगली आहे', तेही पुसलं. शेवटी ठेवलं होतं ते एवढंच: 'वहिनीने मला टाइप करायला शिकवलं.' ज्या बाईला मी पंधरा वर्षं मुकी समजत होते ती रोज दुपारी माझ्या खुर्चीत बसून एवढं बोलत होती.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली. हे सगळं त्यानेही वाचलं होतं. रोजच्या रोज, चौकोनांसकट. एका आईचं काळीज पाच महिने त्याच्यापुढे उघडं होतं आणि तो त्यात फक्त पत्ता शोधत होता.

पत्ता. मी वर पाहिलं. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर नाव, घर नंबर, गल्ली, गाव आणि पिनकोड व्यवस्थित लिहिलेला. आधीच्या पत्रांवर वसतिगृहाचा. कालच्या पत्रावर खोलीचा.

"आई, हे काय केलंत?" माझा आवाज चढला. "पाठवायचंच नव्हतं तर पत्ता कशाला?"

"पत्त्याशिवाय पत्र कसं असेल?" त्या म्हणाल्या. खरोखर त्यांना प्रश्न कळलाच नव्हता. मग कळला. त्या हळूच पलंगाच्या काठावर बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

मी कारखान्यात फोन लावला. धाकटी कामावर होती, ठीक होती. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कालच कळलं असेल तर तो निघाला असेल." तो राहतो तिथून तिचं गाव एका दिवसाच्या वाटेवर. कारखान्याच्या मालकीणबाई तिला मागच्या दाराने आपल्या घरी घेऊन गेल्या. पण परक्याच्या घरी ती किती दिवस बसणार? तो तिथे उतरला की गल्ली विचारणार, कारखाना विचारणार. एकदा माग लागला की तो सोडणारा नव्हता.

मी पेचकसला म्हणाले, "आधी तो हेर उपटून टाक."

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पेचकसला तीन प्रश्न विचारले. टपालाच्या खिडकीवर विचारतात तसे, एकामागून एक. "आपल्याला कळलंय हे त्याला कळलंय का?"

"नाही आजी. वायर काढून अर्धा तास झालाय. नेट गेलं असेल असं वाटेल त्याला."

"मी आत्ता जे लिहीन ते त्याला मिळेल?"

"वायर लावली की तासाभरात."

"आणि त्याच्याशिवाय कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मग ऊठ," त्या पेचकसला म्हणाल्या. ती उठली.

त्या माझ्या खुर्चीत बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि लिहायला लागल्या. 'चिरंजीव धाकटीस, काल जो पत्ता लिहिला ती खोली तू सोडलीस ते बरं झालं, मालकाची नजर चांगली नव्हती. नव्या जागी स्थिरस्थावर झालीस की कळव.' आणि वर नवा पत्ता. घर नंबर बारा, गल्लीचं नाव, गाव, पिनकोड. गाव अगदी उलट्या दिशेला, दोन दिवसांच्या वाटेवर. त्या गावी त्या कधी गेल्या नव्हत्या.

"हे कुठलं घर?" मी विचारलं.

"घर नाही. त्या गल्लीत अकरापर्यंतच घरं आहेत. बारा नंबर म्हणजे टपाल कार्यालयाचं मागचं दार. पोती उतरवतात तिथे." पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून किती गल्ल्या गेल्या असतील, आणि त्या बाईला त्यातल्या घरांचे नंबर पाठ होते. "तिथली पोस्टमास्तरीण माझ्याबरोबर कामाला लागली होती. तिला फोन करते."

रोज 'परत ये' लिहून पुसणाऱ्या बाईने त्या अख्ख्या पत्रात एकही अक्षर खोडलं नाही. आयुष्यभर पत्रं नीट पोचवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा चुकीच्या पत्त्यावर माणूस धाडला. मग पेचकसने वायर लावली. पाऊण तासाने इंटरनेटच्या डबीवरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकला आणि ती म्हणाली, "गेलं."

तिघी तशाच पोलीस चौकीवर गेलो. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी हात टेकले. हेर त्यानेच घातला हे सिद्ध कसं करणार? पेचकसने पडद्याचे फोटो दाखवले, तारीख दाखवली. त्या म्हणाल्या, तारखेवर माणूस धरता येत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "त्या पत्त्यावर माझी मुलगी राहते, ही गोष्ट मी आज सकाळी बनवली. बोलले ती फक्त विश्वासातल्या माणसांशी, लिहिली ती फक्त आमच्या कॉम्प्युटरवर. तिथे तिला शोधत जो येईल, त्यानेच आमचं वाचलं."

बाईंनी पुन्हा पेन उचललं. मग पोस्टमास्तरणीचा नंबर लिहून घेतला.

तो तिसऱ्या दिवशी आला. भरदुपारी बारा नंबरच्या दारात उभा राहून त्याने धाकटीचं नाव घेऊन चौकशी केली. हातात कागद होता, त्यावर सासूबाईंचं पत्र छापून घेतलेलं. पोत्यांवर बसलेले दोघं साध्या कपड्यांतले पोलीस उठले आणि त्यांनी तो कागद आधी ताब्यात घेतला.

मग पेचकसने हेर उपटला, सगळं मशीन धुऊनपुसून नव्याने मांडलं. आईंचं खातं वेगळं, माझं वेगळं. सगळे पासवर्ड तिने तिच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून बदलायला लावले. "यापुढे कुणी 'जरा बघू' म्हटलं तर उठायचं नाही," ती म्हणाली. "मग तो जावई असो नाहीतर मी." मी कानाला खडा लावला.

खटला उभा राहिला, पण पंधरा दिवसांत त्याला जामीन मिळाला. धाकटीने कारखाना सोडला, गाव सोडलं. रविवारी तिचा फोन आला तेव्हा आई शेजारीच होत्या, त्यांनीच उचलला.

"आई, जागा मिळाली. पत्ता सांगते, ऐक."

"मला नको सांगूस," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, कॉम्प्युटर आता साफ आहे ना?"

"कॉम्प्युटर साफ आहे. माझा मला भरवसा नाही. पस्तीस वर्षांचा हात आहे, कधीतरी कुठेतरी लिहून जाईल. वहिनीला सांग. तिच्या पोटात राहील."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन दार बाहेरून ओढून घेतलं. धाकटी पलीकडे रडत होती. मी तिला रडू दिलं, मग पत्ता ऐकला, दोनदा म्हणून दाखवला आणि फोन ठेवला.

दार उघडलं तर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं, आई."

"खोलीला खिडकी आहे का, एवढंच सांग."

"आहे. सकाळचं ऊन येतं म्हणाली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कठडा सोडायला त्यांना जरा वेळ लागला.