कललेल्या पाठीची खुर्ची

मित्रांनो, दवाखान्यात लस टोचतात त्या खोलीबाहेर एक जाडजूड, बुटकी लाकडी खुर्ची तुम्ही पाहिली असेल. तीच मी. मी आता जुनी झाले आहे. तुमच्यापैकी काहीजण माझ्यावर बसून सुईच्या भीतीने रडलेही असतील. पण माझी खरी नोकरी इथली नव्हे.

माझा जन्म सुताराच्या एका चुकीतून झाला. डॉक्टरांच्या खोलीसाठी त्याला साधी खुर्ची सांगितली होती. त्याने माझी बैठक बुटकी ठेवली आणि पाठ जरा जास्तच कलती केली. डॉक्टर माझ्यावर बसले की टेबल त्यांच्या हनुवटीला लागे, आणि जेवून बसले की थोड्याच वेळात घोरणे सुरू. "ही खुर्ची आहे की पलंग?" असे म्हणून त्यांनी मला जिन्याखाली धाडले. तिथे नवजात बाळांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी मला पाहिले. त्या बसल्या, मागे टेकल्या, क्षणभर डोळे मिटले, आणि मला उचलून त्यांच्या वॉर्डात न्यायला सांगितले.

त्या वॉर्डात दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेली बाळे असत. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकात नळी, अंगावर नावापुरते मांस. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर झोपवायचे, वरून कापड गुंडाळायचे आणि आईने तासन्‌तास तसेच बसायचे. आईच्या उबेने बाळाचे अंग गरम राहते, श्वास लयीत येतो. त्यासाठी आईला मागे रेलून बसता आले पाहिजे. डॉक्टरांना नको झालेली माझी कलती पाठ इथे कामी आली. माझ्यावर किती आया बसल्या याचा मी हिशेब ठेवला नाही. पण एक बाई मला चांगली आठवते. तिचीच गोष्ट सांगते.

ती बसमध्ये कंडक्टर होती, म्हणून सगळा वॉर्ड तिला कंडक्टरबाई म्हणे. नवरा त्याच आगारात ड्रायव्हर. "तो बस चालवतो आणि मी त्याला चालवते," असे ती सांगे. आवाज खणखणीत. त्या आवाजातच तिने आपली सगळी हकिगत शेजारच्या आईला सांगितली, त्यामुळे ती मलाही कळली.

लग्नाला बरीच वर्षे झाली तरी तिला मूल नव्हते. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. मग काहीच नाही. तपासण्या झाल्या त्या सगळ्या हिच्याच. नवऱ्याची तपासणी करा असे डॉक्टरांनी सुचवले, तर सासूबाईंनी आमच्या घरात तसले काही नसते म्हणून विषय मिटवला. शेवटी एके दिवशी ड्रायव्हर कुणाला न सांगता स्वतःच जाऊन तपासून आला. उपचार त्यालाही लागणार होते. दोघांनी गोळ्या घेतल्या, इंजेक्शने घेतली, आणि तिला पुन्हा दिवस राहिले.

सासूबाईंचे एकच पालुपद होते. बसच्या धक्क्यांनीच आधीचे दोन जीव गेले, नोकरी सोडली असती तर घर कधीच भरले असते. हे त्या एकदा बोलल्या असत्या तर कंडक्टरबाईने सोडून दिले असते. पण त्या पाहुण्यांसमोरही बोलल्या. तेव्हापासून सासूसुनेचे बोलणे बंद. जे काही सांगायचे ते ड्रायव्हरमार्फत. तो बिचारा घरात निरोप्याचे काम करी.

पुढे सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब एकदम चढला. हातपाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. डॉक्टरांनी पोट उघडून बाळ बाहेर काढले. मुलगी झाली. एवढीशी, की तिचा बाप तिला पाहून म्हणाला, माझा हातमोजासुद्धा हिच्यापेक्षा मोठा आहे. "वेळेआधी चढली, बिनतिकिटाची," कंडक्टरबाई म्हणाली, आणि वॉर्डात मुलीचे नाव बिनतिकीट पडले.

विनोद केला खरा, पण पहिल्यांदा माझ्यावर बसली तेव्हा ती लाकडासारखी ताठ होती. लाकडासारखी म्हणजे किती, हे मला कळते. पोटाचे टाके दुखत होते आणि बाळ हातात घ्यायची तिला भीती वाटत होती. आपल्याकडे आलेले दोन जीव टिकले नाहीत, हाही आपल्याच हातून निसटेल, असे तिच्या मनाने घेतले होते. मोठ्या सिस्टरांनी बाळ तिच्या छातीवर ठेवले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही बाळाला धरा. तुम्हाला खुर्ची धरेल."

ती हळूहळू मागे टेकली. मला तिचे सगळे वजन जाणवले. थोड्या वेळाने बाळाचा श्वास संथ झाला आणि मग आईचाही.

दुधाची कथा वेगळीच. आधी दूध येईना. ती हाताने पिळून वाटीत काढी, तर वाटीचा तळही झाकला जात नसे. तेवढेच थेंब नळीतून बाळाच्या पोटात जात. सिस्टर सांगत की थेंब तर थेंब, काढत राहा, मागणी वाढली की पुरवठा वाढतो. आणि झालेही तसेच. पण दूध आले ते असे, की एका बाजूची छाती दगडासारखी टणक झाली. लाल झाली, ठणकू लागली. पाठोपाठ ताप भरला आणि ती थरथर कापू लागली. डॉक्टरांनी औषध दिले. दूध काढणे थांबवायचे नाही, म्हणाले. पण ताप उतरेपर्यंत बाळाला घेऊन बसू नका.

इकडे बिनतिकीट नुकती कुठे अंग धरू लागली होती. सिस्टरांना तिचा एकही दिवस वाया घालवायचा नव्हता. बापाला बोलवावे तर त्याला खोकला झालेला. मग त्यांनी विचारले, घरचे आणखी कोण आहे?

होते की. सासूबाई रोज दुपारी डबा घेऊन येत, दारातल्या आयाबाईच्या हातात देत आणि बाकावर बसून राहत. आत एकदाही आल्या नव्हत्या. सिस्टर बाहेर गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. पण सासूबाई आत आल्या, कोपरापर्यंत हात धुतले, दवाखान्याचा झगा चढवला आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. चारचौघांत गळ्याचे बटणही न उघडणारी ती बाई. सिस्टरांनी भोवती पडदा ओढला. सासूबाई बसल्या, टेकल्या, आणि नात त्यांच्या छातीवर निजली.

पलीकडच्या खाटेवर सून पडून होती. पडद्याच्या फटीतून दोघी एकमेकींना दिसत होत्या. मग सासूबाईंनी बाळाकडेच पाहत सांगितले, "माझं पहिलंही असंच लवकर आलं होतं. कापडात गुंडाळून घेऊन गेले. मला हातात दिलं नाही, दाखवलंसुद्धा नाही."

सुनेने नजर छताकडे वळवली.

"मी तर घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. "कसली बस आणि कसले धक्के."

मित्रांनो, त्यांचा आवाज कापला नाही. पण माझ्या हातांवरची त्यांची बोटे घट्ट आवळली होती. कंडक्टरबाईने छताकडे पाहत ते सारे ऐकून घेतले. डोळ्यांतले पाणी उशीवर ओघळले, ते तिने पुसले नाही. मग ती तिच्या नेहमीच्या पद्धतीने म्हणाली, "उद्यापासून दुपारची पाळी तुम्ही घ्या, आई. मी तेवढ्यात झोप काढीन."

ताप उतरला तरी ती पाळी तशीच राहिली. खोकला बरा झाल्यावर ड्रायव्हरही येऊ लागला. तो मात्र माझ्यावर बसला की बाळाच्या आधी स्वतःच झोपे, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला एक आयाबाई लागे. बिनतिकीट छातीला लावली की आधी नुसती चाटे, मग दोन घोट पिऊन दमे. एके सकाळी ती अशी जोरात ओढू लागली की कंडक्टरबाईच्या तोंडून "अगं, हळू" निघाले. त्यानंतर नळीची गरज उरली नाही. काही दिवसांनी तिघे मोठे आणि एक छोटी असे घरी गेले.

पुढे मुलीला लशीला घेऊन आली तेव्हा कंडक्टरबाई वॉर्डात डोकावली आणि तिने सांगितले की ती कामावर रुजू झाली आहे. आगारात दूध काढायला जागा नव्हती. पहिल्या दिवशी ती टायरांच्या खोलीत उभ्याने काढत होती. मग तिने साहेबांना तिथे नेऊन ती खोली दाखवली. दुसऱ्या आठवड्यात विश्रांतीच्या खोलीत पडदा लागला आणि एक खुर्ची आली. बाटली घरी न्यायला दुपारी सासूबाई येत. सुनेच्याच बसने.

माझे म्हणाल, तर वॉर्डात पुढे नव्या खुर्च्या आल्या. कळ दाबली की पाठ मागे जाते, पाय वर येतात. मला बाहेर काढले. काही काळ माझ्यावर औषधांची खोकी होती, मग इथे आणून ठेवले. माझा एक हात डुगडुगतो. नव्या खुर्च्यांचा मला राग नाही. त्यांच्यावर बसणाऱ्या आयांना आराम मिळतो, मग झाले.

पण परवा एक बाई आली. नुकतीच बाळंत झालेली, बाळ खांद्यावर, चेहरा ओढलेला. ती भिंतीला टेकून उभी होती. आजूबाजूचे लोक बाळाकडे बघून हसत होते, ते कुणासारखे दिसते ते सांगत होते. आणि माझ्यावर कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती.

मित्रांनो, पिशवीचे पाय दुखत नाहीत. बाळ कुणासारखे आहे ते नंतर विचारा. आधी पिशवी उचला आणि त्याच्या आईला बसू द्या.