कडेवरचा हात

पिंपळाचं पान पाण्यात घातलं, की आधी काहीच होत नाही. मग पाणी पिवळं होतं, मग तपकिरी, मग वास सुटतो. पानाचा गर कुजून निघतो आणि शिरांची जाळी तेवढी मागे राहते. ती मऊ ब्रशनं धुवायची, टीपकागदात दाबून वाळवायची, वहीच्या पानावर डकवायची. प्रेमलाबाईंच्या क्लासात हे बादलीचं काम कुणाला नको असे. बाकीच्या बायका नाकाला ओढणी लावून गॅलरीच्या दारातूनच माघारी फिरत. शालू मात्र बादलीपाशी उकिडवी बसून राही. तिला वासाचं काही वाटत नसे.

प्रेमलाबाई शाळेत कार्यानुभव शिकवून निवृत्त झालेल्या. पिंपळाची पानं त्या विहाराच्या अंगणातून वेचून आणत. कर्वेनगरातल्या आपल्या घरी त्यांनी कागदकामाचा क्लास काढला तेव्हा सुनेनं सुचवलं, पाटीवर 'स्क्रॅपबुक' लिहा. तसं लिहिल्यावर सोसायट्यांतल्या बायका येऊ लागल्या. कुणाचा मुलगा बॉस्टनला, कुणाची नात सिडनीला. कंपन्यांनी मुलं नेली होती आणि आयांचे हात मोकळे पडले होते. मग मुंजीचे फोटो, पहिल्या विमानाचं तिकीट, नातवाच्या पावलाचा ठसा असं एकेक घेऊन त्या दुपारी जमत आणि चिकटवत बसत.

शालू पहिल्यांदा आली ती कापडाची कात्री घेऊन. प्रेमलाबाईंनी कात्री उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कागदाला काय ब्लाउज शिवायचाय?" बायका हसल्या. शालू हसली नाही. रागावलीही नाही. तिनं कात्री पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कागदाची घेऊन आली.

हात तिचा चांगला होता. जुनी वर्तमानपत्रं भिजवून मिक्सरमधून लगदा काढायचा, जाळीच्या चौकटीवर तो पाण्यातून अलगद उचलायचा, वर झेंडूच्या पाकळ्या पेरायच्या, हे तिला एकदाच दाखवावं लागलं. कांद्याच्या सालींच्या पाण्यात कागद रंगवला की त्याला जुन्या धोतराचा रंग येतो, हे तिनं आपलं आपण शोधलं. कागद फाडायचा तर आधी ओल्या कुंचल्यानं रेघ ओढायची, म्हणजे कड मऊ येते. प्रेमलाबाई म्हणायच्या, कापलेला कागद बोट कापतो, फाडलेला कापत नाही. आणि फोटोला गोंद कधी लावायचा नाही. कागदाचे चार छोटे त्रिकोणी कोपरे दुमडायचे, ते पानाला चिकटवायचे, त्यांत फोटोची टोकं खोवायची. उद्या फोटो काढून घ्यावासा वाटला तर निघाला पाहिजे.

शालूच्या वहीत फोटो नव्हतेच. एका पानावर लहान मोज्यांचा एक जोड. एकावर चॉकलेटच्या चांद्या नखानं गुळगुळीत करून लावलेल्या. एकावर लसीचं कार्ड, त्याला पिंपळाच्या जाळीची चौकट. श्यामलाताई म्हणून एक होत्या, मुलगी टेक्सासला असलेल्या. त्यांनी एकदा वही चाळली आणि सहज म्हणाल्या, "अहो, बाळ कुठाय पण ह्यात?"

शालू म्हणाली, "न्हाई."

श्यामलाताईंनी वही मिटून हलकेच परत ठेवली.

बाळ सूरज. साडेतीन वर्षांचा.

शालूचं सासर लोणी काळभोरच्या अलीकडचं. शेताच्या जागी काचेची कंपनी उभी राहिली आणि घरात पांढरी मोठी गाडी आली. शालूचा नवरा मच्छिंद्र बैलांना जपायचा तसा गाडीला जपू लागला. गाडी मागे घेताना वाजणारी धून असते, ती त्यानं मुद्दाम बसवून घेतली, कारण ती वाजली की सूरज नाचायचा. घरात असो, गोठ्यात असो, जेवत असो, धून ऐकली की हातातलं टाकून अंगणात धावायचा आणि गोल गोल फिरायचा. सगळं घर हसायचं. मच्छिंद्र उगाचच गाडी पुढं घ्यायचा, मागं घ्यायचा.

त्या सकाळी त्याला खरंच बाहेर जायचं होतं. सूरज ताटावर बसला होता. धून वाजली.

सूरजचे फोटो मच्छिंद्रच्या मोबाइलमध्ये होते, ढिगानं. लेकराला उचलून तो दवाखान्याकडे पळाला त्या धावपळीत मोबाइल कुठे पडला, कुणाच्या चाकाखाली गेला, ते कळलं नाही. कागदावर उतरलेला फोटो एकच होता. गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी काढून दिलेला. हार घातलेली गाडी, पुढे मच्छिंद्र, त्याच्या कडेवर सूरज. शालू पूजेचं ताट घ्यायला वाकली होती, तिच्या पदराचं टोक तेवढं एका कडेला आलं होतं.

दिवस घातले आणि दोघं कर्वेनगरच्या फ्लॅटवर राहायला आली. जागा आधीच घेऊन ठेवली होती, सूरजच्या शाळेसाठी. गाडी गावाला ताडपत्रीखाली राहिली. शालू मच्छिंद्रला जेवायला वाढत होती, कपडे धुऊन घडी करून ठेवत होती. बोलत नव्हती. काही सांगायचं झालंच तर भिंतीला सांगायची, "गॅस संपत आलाय." मच्छिंद्र उठून नंबर लावायचा.

दळता दळता शालूची आई एक ओळ म्हणायची. *तान्ह्याला कडेवर, मनगटाला येई कळ.* पुढची ओळ तिला आठवत नसे. कागद वाळत घालताना ती तेवढीच घोळवायची. एके दिवशी पुढची आपसूक आली, आणि ती आईची नव्हती. *मोकळ्या मनगटाला, बाई, कशाचं आता बळ.*

वहीचं शेवटचं पान राहिलं तेव्हा तिनं तो फोटो आणला. प्रेमलाबाईंनी चष्मा वर करून तो पाहिला, मग शालूकडे पाहिलं.

"ह्यातलं एवढंच पायजे," शालू म्हणाली. बोट सूरजवर होतं. "गाडी नको. ह्ये पन नको."

प्रेमलाबाईंनी समजावलं. कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करून घ्या, कॉपी कापा, एकुलत्या फोटोला कात्री लावू नये.

"कॉपीतनं कापून काय व्हतंय बाई? खऱ्यात तर ऱ्हातीलच."

प्रेमलाबाईंनी दुसरा उपाय काढला. हातकागदाचा जाड ताव घ्यायचा, त्याला सूरजच्या आकाराची खिडकी कापायची आणि फोटोवर ठेवायचा. खाली फोटो अख्खा राहील, वर पोरगं तेवढं दिसेल. शालूनं पेन्सिलीनं आकार उतरवला, ब्लेडनं खिडकी कापली, ताव फोटोवर ठेवला. गाडी गेली, हार गेला, मच्छिंद्रचा चेहरा गेला. खिडकीतून सूरज हसत होता आणि त्याच्या पोटावरून एक हात आला होता. काळसर, रुंद, बोटं पसरलेली. खिडकी लहान केली असती तर हाताबरोबर पोट गेलं असतं.

प्रेमलाबाईंनी डब्यातून पिंपळाची सगळ्यात मोठी जाळी काढून दिली. "हातावर ही लावून बघा. झाकेल थोडं." मग हळू म्हणाल्या, "घरी जाऊन बघा. इथं नको."

दुपारचं ऊन फ्लॅटच्या फरशीवर लांब पडलं होतं. मच्छिंद्र खुर्चीत बसून होता, नेहमीसारखा, बंद टीव्हीसमोर. शालूनं खाली सतरंजी टाकली, फोटो मांडला, खिडकीचा ताव वर ठेवला. त्यावर जाळी ठेवली. जाळीतून हात दिसतच होता. उलट एकेक शीर उठून दिसत होती, जशी काही पानाची नव्हे, हाताचीच.

तिनं जाळी काढली, तावही काढला, आणि ब्लेड घेतलं.

मच्छिंद्र कधी खाली येऊन बसला, तिला कळलं नाही. ब्लेड लावताच फोटो सरकत होता. त्यानं दोन बोटांनी त्याची कड दाबून धरली. ती थांबली. तो फोटोकडेच बघत होता. मग ती कापू लागली. सूरजच्या कानाजवळून, केसांवरून, खांद्यावरून. मच्छिंद्रचा चेहरा एकीकडे गेला, गाडी एकीकडे गेली. तो फोटो फिरवून देत होता, जसं कापायला सोपं पडेल तसा. ब्लेड पोटापाशी आलं आणि हातापाशी थबकलं.

"त्यो बी काप," मच्छिंद्र म्हणाला. "त्या हातानंच गाडीचा गेर टाकला व्हता मी."

शालूनं ब्लेडचं टोक त्या बोटांवर धरलं. खाली सोसायटीत कुणाची तरी गाडी मागे येत होती, तिची धून वाजली. दोघांनीही मान वर केली नाही. धून थांबेपर्यंत मच्छिंद्रचा श्वास ऐकू येत होता.

मग तिनं ब्लेड हाताच्या बाहेरून नेलं, मनगटाच्या वरून, आणि तिथं तोडलं.

"हात काढला तर पडंल त्यो," ती म्हणाली.

गाव सोडल्यापासून ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. ती म्हणताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

सूरज सुटा झाला. पोटावर तो हात घेऊन, तळहाताएवढा सूरज. शालूनं झेंडूच्या पाकळ्यांच्या कागदावर तो ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि बघत राहिली. कडेवर होता, पण ती कड कुणाची ते फोटोत कुठे नव्हतं.

उरलेला भाग मच्छिंद्रनं उचलला. हार घातलेली गाडी, नवा शर्ट, हसणारा माणूस, मनगटापाशी तुटलेला, आणि छातीपाशी पोराच्या आकाराचं भोक. त्यानं तो उन्हासमोर धरला. भोकातून ऊन आलं आणि त्याच्या गुडघ्यावर पडलं. एक लहानसा उजेड, डोकं, खांदा, लोंबते दोन पाय. त्यानं गुडघा हलू दिला नाही.

ऊन सरकलं तसा तो उजेड गुडघ्यावरून फरशीवर उतरला आणि पुसट झाला.

"मला चार कोपरे दे," तो म्हणाला.

कांद्याच्या रंगाचा एक ताव शालूपुढं पडला होता. तिनं त्यावर ओल्या कुंचल्यानं रेघ ओढली, मऊ कडेनं त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि कोपरे दुमडू लागली. चार झाले. ते तिनं त्याच्या हातात दिले नाहीत. दोघांच्या मध्ये, सतरंजीवर ठेवले, आणि ब्लेड उचलून आत गेली.