खिडकीची नाडी

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या तेव्हा बाळ नुकतंच झोपलं होतं. बाळंतिणींचं मन कसं आहे ते घरी येऊन विचारायचं, अशी सरकारची नवी योजना निघालीय. दहा प्रश्न, प्रत्येकापुढे तीन चौकोन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी. सासूबाई भाजी निवडायच्या निमित्ताने दारातच ठाण मांडून बसल्या.

मी भराभर सांगत गेले. रडू येतं? कधीच नाही. जीव घाबरतो? कधीच नाही. सातव्याला बाईंनी आवाज उतरवला. "आपल्या हातून बाळाला काही होईल, असं वाटतं?"

"छे!" मी हसले. "सरकारला आता एवढंच काम उरलंय का?"

सासूबाईंना जोर चढला. "नाहीतर काय! माझी तीन झाली. मला नाही कोणी विचारलं."

"विचारायला हवं होतं, आजी."

सासूबाई भाजीच निवडत राहिल्या.

बाईंची नजर खिडकीवर गेली. कडीला चार गाठी मारलेली नाडी. "ही कशाला?"

"वारा येतो."

"कसला वारा! माझा पोरगा चार दिवस पायजमा मुठीत धरून फिरतोय."

तिघी हसलो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. बाळाला घेऊन त्या खिडकीशी उभी राहिले की माझे हात मला माझे वाटत नाहीत. आणि पदवीला मानसशास्त्र होतं माझं. याच विषयावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय मी, पूर्ण मार्क मिळवून.

बाईंनी कागद सहीला पुढे केला. सातव्याचे चौकोन कोरे होते.

"एक राहिलाय," मी म्हणाले.

"राहू दे. गुरुवारी परत येते मी."

"हे लिहिलं तर बाळाला नेतात?"

"कोणी नेत नाही गं. डॉक्टर बोलतील तुझ्याशी. गरज पडली तर औषध देतील."

मी 'कधीकधी'वर खूण केली. तेही खोटंच होतं. खोडून 'नेहमी'वर केली. मान वर करायची हिंमत झाली नाही.

सासूबाई उठल्या. पाळणा खिडकीपासून ओढत स्वतःच्या अंथरुणापाशी नेला. मला वाटलं, संपलं. आता हातही लावू देणार नाहीत.

त्यांनी कडीवरच्या गाठी चाचपल्या, एक ढिली होती ती आवळली.

"असू दे," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्याच्या पायजम्यात दुसरी घालून देते."