मंगळाला लागणारे नऊ सेकंद

डोंबिवली पूर्वेच्या त्या हॉलमध्ये पाचशे खुर्च्या होत्या आणि सातशे माणसं. बहुतेक सगळी शिकलेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, अडाणी लोकांचं काय घेऊन बसलात. नाही साहेब. त्या गर्दीत इंजिनिअर होते, बँकवाले होते, दातांचे दोन डॉक्टर होते. आणि हे सगळे हात जोडून एका पडद्याकडे बघत होते.

वधू-वर सूचक मंडळाचा मेळावा होता. पडद्यावर मंडळाचं सॉफ्टवेअर, आणि मंचावर ग्रहनाथ महाराज. पूर्वाश्रमीचा मधु. दहा वर्षांपूर्वी हा घरोघरी इन्व्हर्टर विकायचा आणि ते पावसाळ्यापर्यंतही टिकत नसत.

"कागदावरची पत्रिका माणूस लिहितो," महाराज माईकवर गरजले. "आणि माणूस लबाड! पण यंत्राला लबाडी नाही, लोभ नाही. ग्रहांच्या लहरी सॅटेलाइटमधून थेट सर्व्हरमध्ये उतरतात. या काका, स्वतःच्या हाताने टाइप करा."

एक घाबरलेला बाप पुढे आला. मुलीच्या माहितीत त्याने 'मंगळ' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आणि सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं. महाराजांनी डोळे मिटून मंगळाचा जप सुरू केला. "भौमाय नमः, भौमाय नमः..." मी घड्याळात बघत होतो. नऊ सेकंद. चक्र थांबलं आणि रकान्यात अक्षरं उमटली: 'आहे'.

सातशे माणसांनी एकदम श्वास सोडला. मागे एक बाई रडायलाच लागली. महाराजांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे शांतीची नावनोंदणी चालू होती.

त्या दिवशी मी तिथे माझ्या शेजाऱ्याबरोबर गेलेलो. काळुराम, ठाण्यातल्या कोलशेतचा जुना माणूस. आजा मिठागरात राबला, बापाने भात लावला, आणि काळुरामच्या वाट्याला जमिनीच्या बदल्यात बिल्डरने दिलेले फ्लॅट आले. त्याची मुलगी जागृती ठाण्यात एका कंपनीत आहे. कुठल्याही ऑफिसची साठवलेली माहिती अडकली, मंदावली, चुकीची दिसायला लागली की ती शोधून काढते, नेमकी कुठे बोंब आहे ते. तिचं आणि पाचपाखाडीच्या हर्षितचं जमलं होतं. सहा महिने दोघं भेटत होते, एकमेकांना आवडले होते. पण हर्षितच्या आईने, कलावतीबाईंनी, अट घातली, मंडळाच्या कंप्युटरमध्ये 'मंगळ नाही' असं दिसू दे, मग साखरपुडा.

काळुरामनेही मंचावर जाऊन 'नाही' टाइप केलं. नऊ सेकंदांनी 'आहे' आलं. उपाय तयारच होता: कुंभविवाह. मुलीने आधी मातीच्या माठाशी लग्न लावायचं. हार, मुंडावळ्या, मंगळसूत्र, सगळं. मग माठ फोडायचा, म्हणजे मंगळ फुटला. पुढच्याच रविवारी, मेळाव्यात, सगळ्यांसमोर.

"मी माठाशी लग्न करणार नाही," जागृती घरी आल्या आल्या बोलली.

"आगं, पाच मिनटांचा काम हाय," काळुराम समजावत होता. "माठ फुटला का झाला."

"मग तूच कर, बाबा. पाच मिनटांचं तर आहे."

"तोंड बघ पोरीचा!" आतून कमळाबाई, तिची आई. "सोन्यासारखा पोरगा हातचा घालवशील!"

"आरं पन मशीन बोलतंय ना!" काळुराम माझ्याकडे वळला. "तुमी सांगा. मी सोता टाइप केला. नाय केला, हाय झाला. मंग?"

"मशीन बोलत नाही," जागृती म्हणाली. "मशीनला कोणीतरी बोलायला शिकवतं."

"तू लय शिकलीस," काळुरामने विषय संपवला.

बुधवारी मंडळाचे अध्यक्ष पोपटराव यांचा तिला फोन आला. तोही कशासाठी, तर ऐका. "अगं, तू त्या कंप्युटरच्या लाइनमधली ना? आमचं सेव्ह करताना गोल गोल फिरतं. लोक कंटाळतात, आणि सॉफ्टवेअरवाला मुलगा म्हणतो, ते तसंच असतं. रविवारी शंभर नोंदी करायच्या आहेत. बघ ना जरा. आपलंच मंडळ आहे." 'आपलंच' म्हणजे फुकट, हे सांगायला नको.

शुक्रवारी संध्याकाळी ती डोंबिवलीच्या ऑफिसात गेली. तिच्या बापाने मलाही सोबत धाडलं. तिथे नोंदी करायला रुचिता नावाची मुलगी होती.

"कधी अडकतं?" जागृतीने विचारलं.

"ताई, मुलांचं पटकन होतं. मुलींचंच अडकतं. त्यातही सगळ्यांचं नाही."

"कोणाचं नाही?"

"ते नाही माहीत. महाराज बोलतात, ग्रहाला खाली उतरायला वेळ लागतो."

जागृती हसली नाही. तिने दोन मुलींच्या नोंदी उघडल्या, एक अडकणारी, एक न अडकणारी. शेजारी शेजारी ठेवून एकेक रकाना बघत गेली. मग तिने सर्व्हरला सरळ विचारलं: या तक्त्यावर कोणकोणते ट्रिगर लावलेत?

ट्रिगर म्हणजे काही जादू नाही. ऑफिसच्या दाराला वर दांडा बसवलेला असतो ना, दार उघडलं की आपोआप बंद करणारा? तसाच. नोंद सेव्ह व्हायला गेली की ही लपलेली सूचना आपोआप चालते. बटण दाबणाऱ्याला ती दिसतही नाही. इथे एकच ट्रिगर होता. नाव होतं 'काकांसाठी'. लिहिणारा बंटी, म्हणजे महाराजांचा सख्खा पुतण्या, मंडळाचं सॉफ्टवेअर सांभाळणारा. नाव देतानाही अक्कल नाही!

आत काय लिहिलं होतं ते जागृतीने मला साध्या मराठीत वाचून दाखवलं. नोंद मुलीची असेल, आणि 'घर' या रकान्यात 'स्वतःचं' असेल, तर बघ की शांती झाली आहे का. झाली नसेल तर मंगळ 'आहे' करून टाक.

"जन्मवेळ?" मी विचारलं.

"ह्या सूचनेत कुठेच नाही, काका. तारीख नाही, गाव नाही. ह्यांचा मंगळ फक्त फ्लॅटवाल्यांच्या मुलींना लागतो. भाडेकरूंच्या घरात तो पायच ठेवत नाही."

"आणि ते नऊ सेकंद?"

"शांती झाली की नाही ते बंटीने जुन्या नोंदवहीत लिहून ठेवलंय, जिच्यात प्रत्येक बारीकसारीक बदल नोंदला जातो. चाळीस लाख ओळी आहेत तिच्यात, आणि इंडेक्स, म्हणजे क्रमवार सूची, नाही. मतदार यादीची सगळी पानं विस्कटून टाकली आणि मग तुमचं नाव शोधायला सांगितलं, तर काय कराल? एकेक पान वाचाल. मशीनही तेच करतंय. त्या वेळात तो भौमाय नमः म्हणतो."

माझं डोकं फिरलं. "पूस ना मग तो ट्रिगर! आत्ताच!"

"पुसला तर म्हणतील, हिनेच मशीन बिघडवलं. मला मशीन फास्ट करायला सांगितलंय ना? मी फास्ट करते."

आणि तिने त्या नोंदवहीला इंडेक्स लावला. तेवढंच. पानं क्रमाने लागली.

रविवारी हॉल पुन्हा भरलेला. मंचावर हार घातलेला माठ, पाटावर, अक्षतांसकट. कलावतीबाई पहिल्या रांगेत, शेजारी हर्षित. महाराजांनी एका बापाला बोलावलं. त्याने 'नाही' टाइप केलं, बटण दाबलं. महाराजांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, आणि "भौ..." म्हणेपर्यंत पडद्यावर 'आहे' येऊन बसलं होतं. महाराज मात्र डोळे मिटून जपच करत राहिले. पुढच्या रांगेतल्या भीमाबाई म्हणून आजी मोठ्याने बोलल्या, "अहो महाराज, तो कधीच आला! उघडा डोळे!"

हशा पिकला. महाराज सावरले. "आज ग्रह फार प्रबळ आहेत."

"मग माझंही बघू," म्हणत जागृती मंचावर चढली. तिने स्वतःची नोंद उघडली आणि दर वेळी मंगळात 'नाही' लिहीत गेली. जन्मवेळ बदलली, सकाळची केली. सेव्ह. 'आहे'. दुपारची केली. 'आहे'. वर्षच बदललं. 'आहे'.

"बघितलंत? मी कधीही जन्मले तरी मंगळ आहेच." मग तिने खरं वर्ष आणि खरी जन्मवेळ परत घातली आणि 'घर' या रकान्यात 'स्वतःचं' खोडून 'भाड्याचं' केलं. मंगळ: 'नाही'. सेव्ह.

'नाही' तसंच राहिलं.

"आता बाबांनी फ्लॅट परत घेतला." 'स्वतःचं'. सेव्ह. 'आहे'. "परत विकला." तिने घर 'भाड्याचं' केलं, मंगळात 'नाही' लिहून सेव्ह केलं. 'नाही'च राहिलं.

हॉलमध्ये कोणी हसेना. ज्यांनी शांती केली होती ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"ही काळी विद्या आहे!" महाराज ओरडले. "या मुलीच्या अंगात..."

"अंगात नाही, सर्व्हरमध्ये आहे," म्हणून जागृतीने तो ट्रिगर मोठ्या अक्षरात पडद्यावर आणला, बंटीच्या नावासकट. "अध्यक्ष, काढू?"

पोपटरावांनी होकारार्थी मान हलवली. तिने एक ओळ लिहिली आणि ट्रिगर गेला. पहिल्या बापाला तिने परत 'नाही' टाइप करायला लावलं. यावेळी ते 'नाही'च राहिलं. बंटी केव्हाच मागच्या दाराने गेलेला. महाराजांना मात्र लोकांनी नावनोंदणीच्या टेबलापाशी घेरलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपली माणसं बघा.

कलावतीबाई उठून जवळ आल्या. "हुशार आहेस हो. बंटीने लबाडी केली, मान्य. पण माठ आणलाच आहे, तर करून टाकू. मनाला शंका नको."

जागृतीने हर्षितकडे बघितलं. "तुझ्यासमोर उघडलं ना सगळं? कळलं ना तुला?"

"कळलं गं. पण आईसाठी... पाच मिनिटं."

"ट्रिगर काढायला एक ओळ लागली, हर्षित. तुझा हा 'पण' काढायला माझ्याकडे काहीच नाही."

काळुरामने पुढे होऊन मुलीची पर्स उचलली. "चल पोरी. मना आता कललं. ज्या मानसांना कलून पन नाय कलत, त्यांच्या घरात माजी पोरगी नाय द्येनार."

ते लग्न मोडलं. जागृती चार दिवस रडली, हेही खरं आहे. मी तिला शूर बाहुली करून तुमच्यापुढे ठेवणार नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि परत करून बघा. याला पदवी लागत नाही. पदवीवाले त्या हॉलमध्ये शेकड्यांनी बसलेच होते. मुलीला चारचौघांत पाटावर बसवण्याआधी विचारा की हा दोष आमच्याच घरात का, शेजाऱ्याच्या का नाही, आणि मुलांना का नाही? विचारल्याने कुठलाही ग्रह कोपत नाही. कोपतो तो दक्षिणा घेणारा, आणि त्याला खुशाल कोपू द्या.