खळग्यांतली कल्हई

स्टीलच्या भांड्यांनी काशीराम तांबटाच्या धंद्याची पार वाट लावली होती. घाटकोपरच्या भटवाडीत पत्र्याच्या शेडखाली त्याचा भाता होता, पण दिवसदिवस निखारे फुकट जळायचे. सत्त्याऐंशी साल चाललेलं; लग्नात तांब्याचा हंडा द्यायची रीतही लोकांनी गुंडाळून ठेवली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी हातोडी खाली ठेवून करायचं काय, या विचाराने माणूस आतल्या आत कुढत होता.

अशात अनुपमा आली. मुलुंडच्या एका कारखान्यात ती इंजिनियर होती. तिथं कॉम्प्रेसरचं तापलेलं तेल निववणारे कूलर बनत. तिला हवा होता हातभर लांबीचा तांब्याचा पत्रा, आणि त्यावर तुरीच्या डाळीएवढे खळगे, ओळीने, हजारभर.

"बाई, चांगल्या पत्र्याला पोचे कशाला पाडायचे?" काशीरामने विचारलं.

"काका, सपाट पत्र्यावरून पाणी नुसतं सरकून जातं. पत्र्याला लागून असलेला थर जागचा हलत नाही, म्हणून उष्णता तिथंच अडकते. खळग्यात शिरलं की पाणी गिरकी घेतं आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं."

"आमच्या गावच्या वहाळात कातळाच्या खळग्यात पानं फिरतात, तशी?"

"अगदी तशी!" अनुपमा हसली. मग गंभीर झाली. "शेठना हा खुळेपणा वाटतो. ही चाचणी शेवटची. पास झाली तर असे पत्रे कायम लागतील, मग तुम्हाला कारखान्यात घ्यायला लावते."

काशीराम बारा दिवस त्या पत्र्यावर वाकून बसला. एका मापाचा ठोका, एका मापाचा खळगा. ती दोनदा येऊन सुईने खोली मोजून गेली. एकही खळगा उणा निघाला नाही. कितीतरी वर्षांनी तो कामावर शीळ घालत होता.

पत्रा पोचवायच्या सकाळी त्याने तो उन्हात धरला आणि त्याला चैन पडेना. तांब्यातून तापलेलं पाणी वाहणार, आणि आत कल्हई नाही? बिनकल्हईचं भांडं गिऱ्हाइकाला देणं म्हणजे विष देणं, असं बापाने त्याला लहानपणीच बजावलं होतं. बाई शिकलेली, पण तिला काय ठाऊक! त्याने भट्टी पेटवली, पत्रा तापवला, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि कापसाने पुसून घेतलं. पत्रा चांदीसारखा लखलखला. आपल्याकडून बाईला ही भेट, असं म्हणत त्याने तो फडक्यात बांधला.

कारखान्यात शेठ आणि दोन गिऱ्हाइकं घड्याळ लावून उभी होती. वेळ नव्हता, फडकं सोडून फिटरने पत्रा अनुपमाला न दाखवताच परस्पर कूलरमध्ये बसवला. एका बाजूने गरम तेल, दुसऱ्या बाजूने पाणी. तासाभराने आकडे आले. साध्या पत्र्याने तेल जेवढं निवत होतं, तेवढंच निवलं होतं.

गिऱ्हाइकं निघून गेली. अनुपमाने पत्रा बाहेर काढला, त्यावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. वितळलेलं कथील खळग्यांत साचून थिजलं होतं. खळगे जवळजवळ बुजले होते.

"ही कल्हई कुणाच्या डोक्यातून निघाली?" शेठ कडाडले.

पत्रा पोचवून काशीराम दाराशी थांबला होता. अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या भाजलेल्या बोटांकडेही पाहिलं असावं.

"मीच सांगितली होती," ती म्हणाली.

"बास! उद्यापासून येऊ नका. वर्षभर तुमचे खेळ पुरवले." मग शेठ काशीरामकडे वळले. "तुझा हात मात्र साफ आहे. सांगितलं तेवढं करणारा माणूस मला पत्रेकामाला हवाच. सोमवारपासून ये. आणि हा पत्रा भंगारात टाक."

नाही, चूक माझी, एवढेच शब्द बोलायचे होते. ते त्याच्या जिभेवर आले होते. पण त्याने मान डोलावली आणि पत्रा उचलला. अनुपमा टेबलाचा खण रिकामा करत होती. तिच्यासमोरून जाताना त्याने नजर वर केली नाही.

घराच्या दारातच त्याच्या बायकोने, जानकीने विचारलं, "काय झाला? नोकरी गावली?"

"गावली."

तिने देवापुढे साखर ठेवली. काशीराम भात्याशी जाऊन बसला. पत्रा निखाऱ्यांवर धरून कथील वितळलं, तसा तो कापसाच्या बोळ्याने एकेक खळगा टिपू लागला. आत सगळे होते तसेच होते, एका मापाचे, बाईने सुईने मोजलेले. जानकीने चिमटीभर साखर त्याच्या हातावर ठेवली आणि वाकून पाहिलं.

"नीट झालो की पत्रो! मगे तोंड असा कित्याक केल्यात?"

"पत्रो नीट झालो गो," काशीराम म्हणाला. साखर तशीच त्याच्या तळहातावर होती. "माझाच तोंड येळेर उघडला नाय."